गाठीचा तुकडा मागताना

नातवंडांनो, मी रुग्णालयात जाऊन कॅन्सरची खोटी रोगी बनते, हे कळल्यावर तुमची आई फोनवर माझ्यावर रागावली. तिने तुम्हाला अर्धवट सांगितले असेल, म्हणून नीट लिहिते.

इथे तरुण संशोधक शिकायला येतात. रोग्याच्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासायचा आणि त्यातून पुढच्यांसाठी औषध शोधायचे, हे त्यांचे काम. पण तुकडा आधी रोग्याकडे मागावा लागतो. त्या सरावासाठी मी खुर्चीत बसते आणि मुलांना अडवणारे प्रश्न विचारते. जन्मभर इंग्रजी शिकवल्यावर ते जमतेच.

गेल्या वर्षी आष्टीची एक मुलगी होती. प्रयोगशाळेत हुशार, पण तुकडा मागताना दया येऊन विरघळायची. "आजी, तुमच्या भल्यासाठीच आहे," असे ती मला म्हणाली, तेव्हा शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर विचारले, "औषध निघेपर्यंत ही आजी राहील का?"

"नाही राहणार," मी म्हणाले. ती सोडून सगळे हसले.

पुढच्या आठवड्यात तिला खऱ्या रोग्याकडे नेले. मीही सोबत होते. गिरडकडची बाई, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून चघळून गालात गाठ झालेली. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती.

"तुकडा देल्ल्यानं मले काय फायदा होईन व पोरी?"

"लवकर बऱ्या व्हाल, मावशी."

बाईने संमतीच्या कागदासाठी अंगठा पुढे केला. डॉक्टरबाईंनी शाईची डबी बाजूला सरकवली. "आता खरं सांग तिला."

मुलीने सांगितले. तुकड्याचा तुम्हाला काही उपयोग नाही, झाला तर पुढच्या रोग्यांना होईल. उद्याची शस्त्रक्रिया मात्र वेगळी, ती तुमच्यासाठीच आहे. हे तिने पुन्हा पुन्हा सांगितले.

बाईने हात पदरात घेतला. "आत्ता म्हणे बरी होईन, आत्ता म्हणे फायदा नाई. उद्या गाल कापान अन् मंग म्हणान, हेबी दुसऱ्यासाठीच होतं."

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर येऊन समजावून गेले. नवऱ्याने तोवर पिशवी भरली होती. संध्याकाळच्या बसने दोघे गेले.

"पहिल्यांदाच खरं बोलली असतीस तर ती थांबली असती," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, पण त्या म्हणाल्या ते खरेच होते.

मुलीने फोन केले, एका रविवारी घरीही जाऊन आली. नवऱ्याने दारातूनच सांगितले, "वावरात गेली."

बाई दिवाळीनंतर आपणहून आली, तेव्हाही मी तिथे होते. तोंडात बोटही जाईना. तपासण्या झाल्या, गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे पसरली होती. तिला ते अजून कोणी सांगितले नव्हते. मुलगी दिसताच ती दातांतल्या दातांत म्हणाली, "घे व पोरी, पायजे तेवढा तुकडा घे. पन कापा मले."

तुकडा म्हणजे शस्त्रक्रियेची किंमत, असे तिने घरी बसून ठरवले असावे.

मुलीने डॉक्टरबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "सांग."

ती स्टूल ओढून बाईसमोर बसली. "मावशी, तुकडा आता नको. अन् आता कापूनही काही होणार नाही. दुखणं कमी करायचं औषध देऊ."

ना ती हसली, ना तिने नजर चुकवली. सरावात असते तर मला चूक काढता आली नसती.

बाईने पदर सावरला. मग विचारले, "गिरडची बस कवा हाय?"

मुलीने वेळ सांगितली.

"आता जमलं तुला," बाहेर आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या. मुलीने मान डोलावली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.