अण्णाच्या शिंपल्यांचं पाणी

माझ्या भावाची पीएचडी मी एका वासराला पाजली.

हसू नका. खरंच पाजली.

अण्णा आज सकाळी नांदेडला लिंगैक्य झाला. दुपारी गावी आणून शेतात बसवला. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून पुरतात.
कपाळाला विभूती, मांडीवर बेल. डोळा लागल्यासारखा दिसत होता.

तेव्हापासून मला सारखी गावची मांजरा नदी दिसायलीय.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, आणि पाऊस गायब. आमचे वडील, आप्पा, म्हणायचे, जिल्हा आला, पाणी मात्र जुन्याच जिल्ह्यात ऱ्हायलं.

अण्णा तेव्हा बंगळूरला पीएचडी करायचा. विषय काय, तर शिंपला! जे खडूत तेच शिंपल्यात, मग हा खडूसारखा मोडत का नाही? माणसाला असं काही बनवता येईल का?

सुट्टीत आला की डोहात उतरायचा. मी काठावर.
ओला शिंपला तो उन्हात तिरका धरायचा, अन् आत गुलाबी, हिरवा उजेड हलायचा. बघता बघता मी घर विसरायचे.

मग डोहही आटला. शेवटचे जिवंत शिंपले अण्णाने नदीच्याच पाण्यात, घंगाळात ठेवले. "हात लावू नको शैले, माझं समदं ह्यात हाय," म्हणाला आणि ते बंगळूरला न्यायचे म्हणून डबे आणायला अहमदपूरला गेला.

टँकर चार दिवस आला नव्हता. गोठ्यात वासरू कोरडी कुंडी चाटत होतं.

मी घंगाळ उचललं.
एका दमात प्यालं हो ते!

शिंपले मी पुसून वर माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, पापडासारखे वाळत घातले. वाटलं, स्वच्छ केले म्हणून अण्णा खूश होईल. बारा वर्षांची येडी मी.

अण्णा आला. माळवदावर गेला. एक शिंपला बोटांत दाबला, कट्कन मोडला.
दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून होता.

बरोबरचे सगळे डॉक्टर झाले. अण्णा मागे राहिला, पुन्हा पहिल्यापासून.

पुढे त्याच मोडक्या शिंपल्यांवरून त्याला वाट सापडली. मला सांगायचा, भाकरीच्या चवडीसारखे थर असतात, मध्ये नखाहून पातळ साय. साय ओली असली की भेग आत वाट चुकते. वाळली, की सरळ आरपार.
लॅबमध्ये तशाच वड्या त्याने बनवल्या. हातोडीनं मोडेनात. लोक कौतुक करायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

माफी मागायला गेले की विषय बदलायचा. लई हुशार.

गेल्या महिन्यात त्याच्या गॅलरीत चहा पिताना एकदाचं बोलून टाकलं. अण्णा, तुझी वर्षं मी वाया घालवली.

त्यानं कप कठड्यावर ठेवला.

"शैले, त्या दिवशी निघायच्या आधी ते घंगाळ मीच उचलून गोठ्यापर्यंत नेलतं. वासरू माझ्याकडं बघत ऱ्हायलं. अन् मी परत आणून ठिवलं."

मग म्हणाला, "त्याचीच लाज वाटत ऱ्हायली मला. तू पाजलंस, म्हणून त्या पापातून सुटलो."

चाळीस वर्षं दोघांचीही एकाच घंगाळाची माफी मागायची राहिली होती.

भावपूर्ण बिवपूर्ण मला लिहिता येत नाही.
नीट जा, अण्णा.