मी तिथे होते

कात्री शिवणकामाची होती. मोठी, काळ्या मुठीची. मंगलच्या आईने त्या कात्रीने वीस वर्षं अख्ख्या मजल्याचे ब्लाउज बेतले होते. त्या सकाळी ती मंगलच्या मोठ्या भावाच्या, दिनेशच्या हातात होती. त्याच्या दुसऱ्या हातात मंगलचे केस होते.

पोस्टमार्टेम होऊन मंगल नुकतीच घरी आली होती. लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, चटईवर. दिनेशने केस मुठीत धरून तिचं डोकं उचललं. मान मागे लोंबली. त्याने कात्री चालवली. कापडाची कात्री केसांवर नीट चालत नाही. केस पात्यातून निसटतात. तो हिसडे देऊ लागला. प्रत्येक हिसड्याला डोकं सुटायचं आणि लादीवर आपटायचं. खोलीत माणसं उभी होती. दारात, गॅलरीत, तीसेक तरी असतील.

बोलली फक्त आई. मालवणीत.

"केस कित्याक कापतंस रे? तेका आता दुखूचा नाय. माका दुखता."

"गप बस गो आये. माझा भाऊ आहे तो. पुरुषासारखा जाणार."

मी उंबऱ्यापाशी उभी होते. शर्टपँटमध्ये, नेहमीसारखी. तोंडातून निघून गेलं, "तिला ओढू नकोस."

दिनेश उठला. केस मुठीत तसेच होते, त्याच मुठीने त्याने माझ्या तोंडावर मारलं. मंगलचे केस माझ्या ओठाला चिकटले.

"तिला? कोण ती? कुठाय बाई? दाखवू?"

त्याने वाकून चादर ओढली. कमरेच्या खालपर्यंत. सगळ्यांसमोर.

"बघा. नीट बघा सगळ्यांनी. आहे का बाई?"

गॅलरीत कोणीतरी फिसकन हसलं. मी मान खाली घातली. "सॉरी, दादा," असं म्हटलं. आणि जिना उतरले.

हे एवढं लिहायला मला आठ महिने लागले. मार लागल्यामुळे नाही. त्या "सॉरी, दादा"मुळे.

मी बत्तीस वर्षांची आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. वडील गिरणीतून सुटल्यावर बुद्धविहारात मुलांना शिकवायचे. घरात पुस्तकं होती, बोलणं कमी होतं. जन्माच्या दाखल्यावर मी मुलगा आहे. पाचवीत असताना वर्गात हजेरीला उशीर झाला, बाईंनी विचारलं कुठे होतास, मी म्हणाले, "पाणी प्यायला गेले होते." वर्ग हसून लोळला. बाईंनी मला बाकावर उभं करून पन्नास वेळा म्हणायला लावलं. गेलो होतो. गेलो होतो. गेलो होतो. पन्नासाव्या वेळेपर्यंत माझी चड्डी ओली झाली होती.

त्या दिवसापासून मी एक कसब शिकले. मराठीत "मी" म्हटलं की क्रियापद लगेच चुगली करतं. आलो की आले, जातो की जाते. पण सगळीच क्रियापदं करत नाहीत. "मी जातो" म्हणायचं नाही, "मला निघायचंय" म्हणायचं. "मी जेवलो" नाही, "माझं जेवण झालं." "मी येईन" चालतं. "मी पाहिलं" चालतं. बावीस वर्षं मी अशी बोलत होते. "जातो" म्हणून खोटं बोलायचं नाही आणि "जाते" म्हणून मार खायचा नाही. कोणाला कधी कळलं नाही. पुढे मी फणसवाडीतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक झाले, म्हणजे छापायच्या मजकुरातल्या चुका काढायच्या. दुसऱ्यांचे इकार-उकार दुरुस्त करत बसायचं आणि आपलं क्रियापद गिळायचं.

ओळखलं ते मंगलने. पहिल्याच भेटीत. परळच्या एका सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात, रांगेत. मला तेव्हा झोप लागत नव्हती. गच्चीच्या कठड्याकडे पाहिलं की पाय आपोआप तिकडे वळायचे. माझ्यापुढे ती होती. कुर्ता, डोळ्यांत काजळ, हातात केसपेपर. कोणीतरी मला विचारलं, नंबर लावलात का. मी म्हणाले, "माझा लागलाय." ती गर्रकन वळली.

"अगं बाई! काय सफाईने निसटलीस. व्याकरणातली भामटी आहेस तू."

नंतर बाहेर वडापाव खाताना पुन्हा तेच. "एकदा 'जाते' म्हण ना गं. फक्त माझ्यापुढे. मी काय बाकावर उभी करणार नाही."

मी म्हणाले, "उशीर झाला, जाते." ती इतकी हसली की वडापाववाल्याने वळून पाहिलं.

दर महिन्याला आम्ही बरोबर जायचो. डॉक्टर तरुण होती, डोळ्यात बघून बोलायची. तिने मंगलला सांगितलं, "तू मंगल असणं हा आजार नाही. नैराश्य हा आजार आहे, त्याच्या गोळ्या आहेत, त्या रोज घ्यायच्या." मंगलने घेतल्या. सहा महिन्यांत ती झोपायला लागली, भांडायला लागली, माझ्या शर्टांना नावं ठेवायला लागली. घरी उघडपणे कुर्ता घालायला लागली.

मग दिनेशचं लग्न ठरायची बोलणी सुरू झाली. मुलीकडचे घर बघायला येणार होते. त्याने मंगलची नोकरी बंद केली, फोन काढून घेतला. गोळ्या मोरीत ओतल्या आणि वर पाणी सोडलं. "नाटकं आहेत ही, गोळ्यांनीच डोकं फिरलंय." पट्ट्याने मारायचा. बकल असलेल्या बाजूने. गावाहून भगत आणला. खिडकी बंद करून मिरच्यांची धुरी दिली. दोघांनी हात धरले, एकाने तोंड धुरावर दाबलं. शेजारच्या खोल्यांमधली माणसं खोकत गॅलरीत येऊन उभी राहिली आणि धूर निवल्यावर परत आत गेली.

हे सगळं मंगलने मला सांगितलं. शेजारणीच्या फोनवरून, कुजबुजत. आवाज फाटला होता. शेवटी म्हणाली, "तू ये. वर येऊ नकोस. नुसती खाली उभी राहा. गॅलरीतून मला दिसशील एवढंच."

लालबागच्या त्या चाळीत मला ओळखणारे होते. मी खाली उभी राहिले असते तर कोणीतरी माझा मंगलशी संबंध जोडला असता.

मी म्हणाले, "बघू. जमलं तर येईन."

येईन. त्यात बाई नाही, पुरुष नाही. तिच्यापुढेसुद्धा मी निसटले. गेले नाही. तिसऱ्या दिवशी मंगलने जीव दिला.

मंगल गेल्यावर आठव्या दिवशी अण्णांनी, म्हणजे छापखान्याच्या मालकांनी, माझ्यापुढे एक प्रूफ टाकलं. बाराव्याची पत्रिका. गावच्या मंडळींना आणि ठरत आलेल्या सोयरिकीला पाठवायची. मजकूर असा होता: "आमचे कनिष्ठ बंधू कै. मंगेश यांचे प्रदीर्घ मानसिक आजाराने, सर्व उपचार करूनही यश न आल्याने, दुःखद निधन झाले." वर शाळेतला फोटो. भांग पाडलेला.

अण्णांच्या छापखान्यात एक नियम आहे. प्रूफावर मुद्रितशोधकाची सही पडल्याशिवाय कागद मशीनवर जात नाही. मी लाल पेन हातात घेऊन बसले होते तेवढ्यात दिनेश आला. नातेवाइकांची नावं कोणत्या क्रमाने घालायची ते सांगायला आईला घेऊन आला होता. मला बघून थबकला. मग हसला.

"अण्णा, हे चुका काढायला ठेवलंय होय? बरोबर आहे. ही चूकच आहे." मग माझ्याकडे वाकून, हळू आवाजात, "तू बीडीडीतला ना? तुमच्यात चालत असेल. आमच्यात नाय."

आईला वाचता येत नाही. ती माझ्या टेबलाशी आली. "काय लिवलाहा ता माका वाचून दाखय रे बाबा."

मी वाचलं. एकेक शब्द. "सर्व उपचार करूनही"पाशी तिने मला थांबवलं.

"उपचार? माझ्या चेडवाच्यो गोळ्यो ह्येना मोरयेत ओतल्यान."

चेडू. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. ती म्हणून गेली. ठरवून नाही. आठ दिवस तोंडात धरून ठेवलेला शब्द सांडला.

"आये!" दिनेश ओरडला.

आई आपले हात बघत उभी राहिली.

अण्णांना गिऱ्हाइकाची भांडणं आवडत नाहीत. "शुद्धलेखन ठीक आहे ना? मग मार सही."

"शुद्धलेखन ठीक आहे. मजकूर खोटा आहे."

"मजकूर गिऱ्हाइकाचा असतो. तुझं काम वेलांट्यांचं."

"मी सही करणार नाही."

अजूनही मी निसटतच होते. करणार नाही. यातही कोणी नाही.

दिनेश टेबलावर हात टेकून पुढे झाला. "तुला काय माहीत रे खरं-खोटं? तू होतास तिथे?"

या प्रश्नाला मराठीत पळवाट नाही. मी शोधली. खरंच शोधली. "मला माहीत आहे" म्हणता आलं असतं. पण त्याने विचारलं होतं ते वेगळं होतं. साक्ष द्यायची तर कोण होतं ते सांगावं लागतं.

"मी तिथे होते," मी म्हणाले.

टेबलापलीकडे कंप्युटरवर बसलेल्या मुलीचे हात थांबले. अण्णांनी चष्मा वर केला.

"इस्पितळात दर महिन्याला मी तिच्याबरोबर होते. तिला गोळ्या लागू पडत होत्या, ते मी बघत होते. धुरी दिलीत ते तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी ऐकत होते. तिने बोलावलं तेव्हा मी नव्हते. भ्याले. पण त्याच्याआधी मी होते."

टेबलावर कागद कापायची लोखंडी पट्टी होती. दोन फुटी, जाड. दिनेशने ती उचलली आणि माझ्या भुवईवर मारली. मी खुर्चीसकट पडले.

"होतो म्हण."

"होते."

पट्टी कानावर आली. "होतो म्हण, छक्क्या!"

"होते."

मग त्याने पट्टी टाकली आणि लाथा घातल्या. पोटात, बरगड्यांत, दोन मांड्यांच्या मधे. प्रत्येक लाथेला तेच. होतो म्हण. होतो म्हण. मी बाकावर उभ्या असलेल्या त्या पोरीला बघत होते. तिने पन्नास वेळा म्हटलं होतं. मी एकदाही म्हटलं नाही. नंतर नंतर तोंडात रक्त भरलं आणि शब्द फुटेना, तेव्हा मी बोटाने लादीवर मात्रा काढली. 'होते'मधल्या 'ते'ची. त्याला कळली की नाही माहीत नाही. अण्णांना कळली.

अण्णांनी त्याला आवरलं, पण उशिरा. रक्त छापील गठ्ठ्यांपर्यंत ओघळलं तेव्हा. "अरे कागद! कागद खराब होतील!" असे शब्द होते त्यांचे.

भुवईला सात टाके पडले, दोन बरगड्यांना चीर गेली. नोकरी गेली. पत्रिका दुसरीकडे छापून झाली, जशीच्या तशी. पोलीस चौकीत जबाब लिहून घेणाऱ्याने प्रत्येक ओळीत "मी होतो", "मी गेलो" असं लिहिलं. वाचून दाखवल्यावर मी म्हणाले, चुकलंय. तो म्हणाला, आधार कार्डावर पुरुष आहे. मी म्हणाले, जबाब कार्डाचा नाही, माझा आहे. त्याने तीन वेळा कागद फाडला. चौथ्यांदा मी सांगितलं तसं लिहिलं, शिव्या देत. त्यात मोरीतल्या गोळ्या आहेत, पट्टा आहे, धुरी आहे, भगताचं नाव आहे. आईने जबाब दिला नाही. "माका त्येच्याचकडे रवाचा आसा," एवढंच म्हणाली; राहायचं दिनेशकडेच होतं. तिच्यावर माझा राग आहे. तो मी सोडणार नाही.

मंगल आजारी होती. मीही आहे. गोळ्या घेते, रोज, न चुकता. यात लपवण्यासारखं काही नाही. पण तिच्या आजारावर इलाज होता आणि तो चालू होता. तो तोडला. तोडणारी माणसं आज पत्रिकेत दुःखी म्हणून छापलेली आहेत, क्रमाने.

मला एक गोष्ट समजली आहे. आम्ही मेलेल्या यांना हव्या असतो, पण मारायचं काम आमच्याच हातांनी झालेलं हवं असतं. मग यांचे हात कोरडे. मग आजार म्हणायचं, वेड म्हणायचं, चादर ओढायची. मंगलकडून त्यांनी ते काम करून घेतलं. माझ्याकडूनही जवळजवळ करून घेतलं होतं.

मी ते काम करणार नाही. ज्याला मी नको असेन त्याला स्वतः यावं लागेल, दिवसाढवळ्या, नाव सांगून, दहा माणसांदेखत. माझे हात त्याला मिळणार नाहीत.