बारावी पास कोकरू

आमच्या घरात बारावी पास झालेला मी पहिला, आणि घरातलं सगळ्यात मोठं गाढवही मीच. दुसरी गोष्ट सिद्ध व्हायला शहाण्णव साल उजाडावं लागलं.

माझी सुमी तेव्हा दहा महिन्यांची. आमच्या कळस गावच्या वस्त्यांवर गोवराची साथ आली होती. शेजारची दोन पोरं तापानं फणफणली होती, त्यातलं एक तर डोळा उघडत नव्हतं. नर्सबाई लस टोचायला येणार असा निरोप आला. पण मी वालचंदनगरच्या सलूनात ऐकलं होतं, की टोचल्यावर पोरांचे पाय लुळे पडतात. (सांगणाऱ्याच्या तोंडाला दाढीचा साबण होता. नुसतं नाक दिसत होतं. पण बोलला छातीठोक!)

"सुमीला टोचायचं न्हाय," मी जाहीर केलं.

"का वं?" बायको म्हणाली.

"तुला न्हाय कळायचं. मी बारावी झालोय."

माझे वडील, म्हणजे आबा, शाळेच्या वाटेलाही न गेलेले. ते म्हणाले, "आरं, साठ मेंढरं हायती आपली. दर पावसाळ्याआधी एकूणएक टोचून घेतो. एकाचा तरी पाय लुळा पडलाय का?"

"आबा, मेंढराला चार पाय असत्यात!" (ह्याला मी तेव्हा युक्तिवाद समजत होतो.)

नर्सबाई यायच्या दिवशी मी सुमीला कडेवर घेतलं, वरून घोंगडी पांघरली आणि थेट मेंढरांच्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, जाऊन बसलो. नर्सबाई लेंड्यांत कशाला पाय घालतील? बेत एकदम फक्कड! फक्त एक विसरलो. आबांनी त्याच सकाळी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं होतं!

डॉक्टर पुढं, आबा मागं. डॉक्टर टोचणार आणि आबा त्या मेंढराच्या पाठीवर लाल रंगाचा फराटा ओढणार, म्हणजे एकच मेंढरू दोनदा टोचलं जात नाही. मी घोंगडीखाली बसल्या बसल्या कोपऱ्याकडं सरकतोय, तोच सुमीनं भोकाड पसरलं.

"आबा, हितं एक कोकरू राहिलं की वो!" डॉक्टर सुई घेऊन वळले.

आबांनी घोंगडी उचलली. खाली बारावी पास!

मला वाटलं आता काठी बसणार. पण आबांचा आवाजच कापायला लागला. "एक मेंढरू मरू नये म्हणून म्या वरीसभर मागं पळतो. आन् माझी नात तशीच ठिवायची व्हय रं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आता कबूल करायला हरकत नाही: सलूनातल्या त्या नाकावर मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच होता. लहानपणापासून सुईला भितो मी!

मुकाट्यानं अंगणात आलो. नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, घट्ट धरा हं." धरलं. सुई दिसली. पुढचं मला ऐकून माहीत आहे.

बायकोनं सुमीला वेळेवर ओढून घेतलं आणि मी आडवा झालो तो गंजक्या तारेवर. कोपर फाटलं. इकडं सुमीला टोचून झालं. नर्सबाई म्हणाल्या, "ह्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागेल. शुद्धीवर येऊ द्या."

"नगं बाई!" आबा ओरडले. "शुद्धीवर आला तर पळंल. पडलाय तवर उरका!"

डोळे उघडले तेव्हा सुमी बोटाला लावलेला गूळ चाटत होती आणि माझा दंड ठणकत होता.

सुमीला दोन दिवस कणकण होती. मी तासातासाला तिचे पाय हलवून बघायचो. तिसऱ्या दिवशी माझ्या मिशा धरून ती त्याच पायांवर पहिल्यांदा उभी राहिली, आणि मी आबांसमोर ढसाढसा रडलो. साथ वस्तीवरून गेली, आमच्या घरात शिरली नाही.

सुमीचं लसीचं कार्ड पुढं एका मेंढीनं खाल्लं. माझं मात्र बायकोनं अजून ट्रंकेत जपून ठेवलंय: त्या दिवशीचा पांढरा सदरा, पाठीवर आबांनी ओढलेल्या लाल फराट्यासकट!