हाकेला जाणारा

किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसणाऱ्या या गृहस्थांना मी रोज पेपर वाचून दाखवते, पण नाव कधी विचारलेलं नाही. परदेशातल्या लष्करी करारांची बातमी आली की हात न थांबवता त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "एकावर हल्लो झालो तर बाकीचे येतले मां, बाईनू?"

शीतयुद्ध संपलं तेव्हा मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. आता असे करार रद्दीत जाणार, असं वर्गात ठणकावून सांगायचे. अक्कल बेताची, आवाज मात्र खणखणीत!

परवा शेजारच्या वाडीची होडी इंजिन बंद पडून खडकांकडे वाहू लागली. आत तिघे होते. संकटात एकमेकांकडे धावायचं, असं दोन्ही वाड्यांचं ठरलेलं आहे. पण गेल्या साली या गृहस्थांची होडी अडकली, तेव्हा तिकडून कोणी फिरकलं नव्हतं.

"तेव्हा ते इले काय?" कोणीतरी म्हणालं.

"नाय इले," हे गृहस्थ आपली होडी ढकलत म्हणाले. "आता आमीय नाय गेलव, तर शब्द उरतलो खंय?"

तिघांनाही त्यांनी किनाऱ्याला आणलं. उतरताना त्यांच्यातल्या एकालाही मान वर करवेना.

गृहस्थ एवढंच म्हणाले, "फुडल्या खेपेक हाक आमी मारतलव. येवा."