सुकाणू आत्याच्या हाती

माझ्या आतोबांनी एकतीस वर्षे लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम केले. इस्पितळे, कचेऱ्या, दहाबारा मजल्यांच्या इमारती यांच्या पोटातल्या उभ्या, अंधाऱ्या बोगद्यांत त्यांचा बहुतेक दिवस जाई. निवृत्तीनंतर त्यांनी सतरा फुटांची एक वापरलेली मोटरबोट घेतली, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. आतोबांनी सगळ्यांना एकच उत्तर दिले. आयुष्यभर वर-खाली केले, आता जरा आडवे जायचे आहे.

मूळ बेत मात्र आत्याचा होता. ती शिवणकाम करायची. दोन खोल्यांच्या त्या घरात खिडकीजवळची जागा कापड बेतायच्या टेबलाने अडवलेली असल्याने तिचे मशीन भिंतीकडे तोंड करून असे. तीस वर्षे पाय चालवून आपण किती कोस चाललो असू, आणि पोचलो कुठे तर या भिंतीपाशी, असे ती म्हणे. हा विनोद ती वर्षातून दोनतीनदा तरी करी, आणि इतक्या वेळा केलेला विनोद नुसता विनोद राहत नाही. प्रवाहाविरुद्ध वर वर जात, नदी जिथून निघते त्या तळ्यांपर्यंत पोचायचे आणि तीन महिन्यांनी परतायचे, असे तिने ठरवले होते. आतोबांच्या हृदयाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी होकार दिला, पण तो याच वर्षापुरता. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी विचारा, असे ते म्हणाले. त्या वाक्याचा अर्थ दोघांनाही कळला होता आणि दोघांनीही त्यावर बोलायचे टाळले.

तयारीला दोन महिने लागले. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आत्याने जाड ताडपत्रीचे छत शिवले, प्रत्येक पान्यासाठी वेगळा कप्पा असलेली पिशवी शिवली, आणि बाकांच्या रुंदीत बसाव्यात म्हणून घरातल्या दोन्ही उशा उसवून अर्ध्या केल्या. आतोबा वजनाच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहीत. पातेली दोन, झाकण मात्र एक. दुसऱ्या झाकणाला त्यांनी नकार दिला, तेव्हा आत्या मला म्हणाली की प्रत्येक गोष्टीवर झाकण ठेवायला घरात माणूस असताना वेगळे कशाला हवे.

एवढ्या लांबच्या फेरीला धक्क्यावरच्या नौका कचेरीचा परवाना लागे, आणि परवान्याची एक अट होती. बोट चालवू शकणाऱ्या दोन व्यक्ती तिच्यावर असल्या पाहिजेत. आतोबांनी परीक्षा केव्हाच दिली होती. आता आत्याला द्यायची होती. महिनाअखेरीस वरच्या उपनदीवरील धरणाचे दरवाजे उघडत आणि त्यानंतर लहान बोटींना परवाने मिळणे बंद होई. आत्या नापास झाली, तर बोट धक्क्यालाच राहणार होती.

तिने सहा रविवार सराव केला. कापड मशीनखालून सरळ जावे तशी ती बोट सरळ नेई. घाई नाही, झटका नाही. आतोबा शेजारी बसून सूचना देत. अगं, डावीकडे. अगं, हळू. अगं, तो ओंडका. आत्या शेवटी म्हणाली, की नदीने ऐकलं सगळं, आता मला नदीचं ऐकू द्या.

परीक्षेच्या दिवशी तपासनीस दोघांबरोबर बोटीत बसले. साठीच्या घरातले, कमी बोलणारे गृहस्थ होते. नदीच्या मध्यावर आल्यावर त्यांनी जवळचा रिकामा डबा पाण्यात फेकला आणि हा माणूस पडला असे समजा, उचला, एवढेच म्हणाले. आत्याने वळण नीट घेतले, वेग कमी केला, डब्याच्या खालच्या अंगाने बोट आणली. डबा दोन हातांवर आला. तेवढ्यात आतोबा आकडीची काठी घेऊन उठले आणि इंजिन एकदम बंद पडले. बोट आडवी झाली, डबा तिच्या पोटाला आपटून मागे गेला आणि प्रवाहाबरोबर वाहत निघाला.

बोटीच्या इंजिनाच्या बटणाला एक लाल, पीळदार दोरी असते. तिचे दुसरे टोक चालवणाऱ्याने मनगटाला अडकवायचे असते. चालवणारा पाण्यात पडला, की दोरी निसटते आणि इंजिन थांबते. तपासनिसांनी इंजिनाकडे पाहिले, आत्याच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिले आणि विचारले, "दोरी कुणाच्या हाताला आहे?"

ती आतोबांच्या हाताला होती. सहाही रविवार तिथेच होती. कागदावर 'चालक' या शब्दापुढे तपासनिसांनी 'निश्चित नाही' असे लिहिले आणि गुरुवारी पुन्हा बोलावले. गुरुवार हा परवान्याचा शेवटचा दिवस होता.

घरी आल्यावर आत्याने बांधलेल्या सामानातली पातेली काढली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर परत लावली. मग वाट्या. मग चहाची गाळणी. मी दारात उभा होतो, पण मला आत ये असे कुणी म्हणाले नाही आणि जा असेही म्हणाले नाही. गाळणी खिळ्याला लागल्यावर आतोबांना राहवले नाही. आपण हे तिच्याच काळजीपोटी केले, असे ते सांगू लागले. त्यांच्या धंद्यात एक नियम असतो. लिफ्टच्या टपावर जो चढतो, तो खालचा वीजपुरवठा बंद करून त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. ती दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, सख्ख्या भावाच्याही नाही. हा नियम ते घरातही पाळत. साधा दिवा बदलतानाही फ्यूज त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आत्यानेही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. बावीस वर्षांपूर्वी, घाईत, त्यांनी एकदाच किल्ली खालच्या पहारेकऱ्याकडे दिली होती. काम संपले असे वाटून त्याने पुरवठा सुरू केला. कुणीतरी वरच्या मजल्यावर बटण दाबले. टप आणि छत यांच्यामध्ये आतोबा पालथे पडले, आणि लिफ्ट थांबली तेव्हा त्यांच्या पाठीवर वीतभर जागा उरली होती.

आत्या म्हणाली, "बावीस वर्षं पोटात ठेवलंत."

"सांगून काय झालं असतं? झोप उडाली असती तुझी."

"माझ्या झोपेचं मी पाहिलं असतं." ती स्टुलावर बसली. "तुमचा नियम मला मान्य आहे. जो धोक्यात, किल्ली त्याच्या खिशात. मग सुकाणूवर मी होते ना? तुमच्याच नियमानं दोरी कुणाच्या हाताला हवी होती?"

आतोबांनी चष्मा काढला.

"आणि अहो, उद्या तुम्हीच पाण्यात पडलात तर? दोरी तुमच्याबरोबर जाणार, इंजिन बंद. मी काय बोटीतून नुसता हात हलवू? का तुम्ही पडायचंच नाही, असं ठरवून निघालोय आपण?"

डॉक्टरांच्या बोलण्यावर दोघांपैकी कुणी इतके दिवस काही म्हटले नव्हते, ते आता म्हणून झाले होते. आतोबा हातातला चष्मा पुसत राहिले. अखेर ते एवढेच म्हणाले, की पहारेकरी परका माणूस होता.

"तेच म्हणतेय मी," आत्या म्हणाली, "मी पहारेकरी नाही."

गुरुवारी वारा होता आणि पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. मी धक्क्यावर थांबलो. बोट सुटण्यापूर्वी आत्याने दोरी स्वतःच्या मनगटाला अडकवली आणि ओढून पाहिली. आतोबांना तिने पुढच्या टोकाला बसवले आणि मी सांगेपर्यंत उठायचे नाही, असे बजावले. ते पाठमोरे बसले होते. धक्क्यावरून मला त्यांचे खांदे तेवढे दिसत.

डबा पाण्यात पडला. पहिल्या फेरीत वाऱ्याने बोट पुढे ढकलली आणि डबा मागे राहिला. आतोबांचे खांदे वर उचलले गेले. वाटले, आता हे उठणार. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि बसून राहिले. आत्याने घाई न करता मोठे वर्तुळ घेतले आणि या वेळी वाऱ्याच्या समोरून आली. मग तिचा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू आला, आकडी टाका. आतोबांनी टाकली. डबा वर आला, इंजिन चालूच होते.

परतल्यावर तपासनिसांनी कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. आतोबांकडे बोट दाखवून त्यांनी आत्याला विचारले, की यांना बोलता येतं ना? मागच्या खेपेला फार येत होतं, असे आत्याने सांगितले.

ते रविवारी सकाळी निघाले. भिंतीवरच्या कागदावरची एकूण एक वस्तू आत चढली होती आणि बोट ठरल्याहून दोन बोटे अधिक खाली बसली होती. सुकाणू पहिल्या दिवशी आत्याकडे असावे, असे आतोबांनीच सुचवले. मी दोर सोडून दिला. बोट धक्क्यापासून हातभर, मग पुरुषभर लांब गेली. आतोबा दोर गुंडाळून झाल्यावर मध्येच उभे राहिले. त्यांनी छताची गाठ तपासली, इंधनाच्या डब्याचे झाकण तपासले, मग रिकाम्या हातांनी आत्याकडे वळले.

"आता मी काय करू?"

आत्याची नजर पुढच्या पाण्यावर होती.

"बसा," ती म्हणाली. "बघत बसा."

क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग बाकावर बसले, आणि जिथे ती पाहत होती तिकडे पाहू लागले.