विनायकदादांचा पहिला पेला

दादा गेल्याची बातमी माधव नगरातून आली तेव्हा मी नळाखाली बादली लावून बसलो होतो आणि नळ नुसता फुसफुसत होता... दीड महिना झाला. नळाचं अजून तेच चाललं आहे.

आमच्या भागाच्या पाणीघरात विनायकदादा मिस्तरी होते, मी कारकून. संस्थानाच्या काळापासून त्यांचा एक रिवाज. सकाळी वस्तीत पाणी सोडण्याआधी टाकीतलं पाणी जाड काचेच्या पेल्यात घ्यायचं, उजेडासमोर धरायचं आणि सगळ्यांदेखत प्यायचं. मगच पाणी सोडायच्या झडपेचं चक्र फिरायचं. पावसाळ्यात कधी पेला खाली ठेवून म्हणत, "आज नाही. तुरटी आणा." मग भलाभला अधिकारी आंघोळीवाचून बसे, पण दादांच्या घशाखाली गेल्याशिवाय पाणी कुणाच्या घरी जात नसे.

स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्यभारत आला आणि तोही मध्यप्रदेशात विरघळला. आमच्या फायली ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी तीर्थयात्रा करत राहिल्या. त्या गडबडीत कुणा शहाण्याने पाणीघर एका खासगी कंपनीला चालवायला देऊन टाकलं. मॅनेजर म्हणून आले मालकाचे जावई. पाण्याशी त्यांचा संबंध दाढी करण्यापुरता!

त्यांचं मानपत्र कुणी लिहिलं? अर्थात मी. माझ्याकडे मानपत्र एकच होतं. वरचं नाव बदलून ते तीन साहेबांना वाहून झालं होतं. 'भगीरथ' हा शब्द मात्र यांच्यासाठी खास घातला.

"भगीरथाने गंगा आणली रे," दादा म्हणाले, "हा तर तुरटी बंद करायला निघालाय."

"दादा, तुम्ही जुन्या जमान्यातले. कंपनी आली की काम एकदम चोख!" असं मी म्हणालो होतो. माझ्याच तोंडाने. पहिल्याच महिन्यात तुरटी निम्मी झाली आणि दादांना "अब आराम करो" म्हणून घरी बसवलं.

सत्कार झाला भर श्रावणात, पाणीघराच्या अंगणात. दादा मागच्या बाकावर. मानपत्र वाचून मला असा चेव चढला, की मी टाकीतून पेला भरला आणि साहेबांपुढे धरला. "हमारे यहाँ की रीत है साहब, पहला गिलास बड़े आदमी का!" बोलून झाल्यावर पेल्यात पाहिलं... चहा बरा, इतका गढूळ रंग. साहेबांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे पिशवीतून थर्मास काढला.

"हम तो अपना पानी इंदौर से लाते हैं."

घागरी घेऊन आलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हेच पाणी त्या पोरांना पाजत होत्या. तेवढ्यात दादा उठले. मला वाटलं, माझी अब्रू राखायला पितात की काय! त्यांनी पेला उजेडासमोर धरला आणि साहेबांच्या खुर्चीजवळच्या कुंडीत ओतला.

"पहले इसको पिलाओ. ये बच गया तो हम भी पी लेंगे."

"चलो री," म्हणत एक म्हातारी रिकामी घागर घेऊन निघाली, मागोमाग सगळ्या. आमचे भगीरथ थर्मास मांडीवर घेऊन बसून राहिले.

कंपनीने पाणीघर सोडलं नाही. सोडलं ते मला. दादांनी त्यावर मला जन्मभर चिडवलं. पुढे कुठलीही नवी संस्था निघाली आणि मी कौतुक करू लागलो, की विचारत, "साहेब स्वतः पितो का? दवाखानेवाला आपल्याच दवाखान्यात झोपतो का? मग लिही मानपत्र." मी एकही लिहू शकलो नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी तो पेला माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "शेवटचं पाणी पाजायला गेले तर तोंडच उघडेनात. मग माझ्या लक्षात आलं. खिडकीशी धरून दाखवलं, तेव्हा प्यायले."

आज सकाळी नळ आला. मी पेला भरून खिडकीशी धरला. तोच चहाचा रंग... पिणं तर सोडाच, कुंडीत ओतायलाही हात धजेना.