तीनदा सांगितलेला पत्ता

हे मी कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, चौकशी करणाऱ्या साहेबांपाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतोय, कारण — खरं सांगू? — अलीकडे मला घरात एकटं बसवत नाही.

गोखिवऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी पंखा बंद केला, की एका बाईचा आवाज येतो. शांत, अजिबात घाई नसलेला. 'कामण, गोडाऊनची मागची बाजू. माणसं पाठवा.' खिडक्या लावून पाहिल्या. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान ठणठणीत आहेत म्हणाले. ठणठणीत होतेच हो — तेव्हाही.

मी पोलीस हवालदार. पोलीस ठाण्याच्या वायरलेसवर बसायचो. आमच्याकडे पहिल्यांदाच एक बाई फौजदार गस्तीच्या गाडीवर इन्चार्ज म्हणून आली. माझ्या मुलीच्या वयाची, आणि तिच्या हाताखाली आम्ही बाप्ये. पचलं नाही. पण उघड बोलायची छाती कोणाची? मग आम्ही एक खेळ काढला. ती सेटवर बोलली, की मी म्हणायचो, 'मॅडम, आवाज कटतोय, पुन्हा सांगा.' ती बिचारी पुन्हा सांगायची. खोलीतले तोंडाला रुमाल लावून हसायचे. एवढंच. गंमत वाटायची मला त्यात.

त्या दुपारी चोरीच्या मालाची खबर लागली म्हणून ती कामणला गेली. सोबत एकटा ड्रायव्हर. तिथे जमावाने तिला घेरलं. फोनला रेंज नाही, हातात फक्त वॉकीटॉकी. तिने माणसं मागितली. एकेक शब्द मला लख्ख ऐकू आला — आणि मी म्हणालो, 'पुन्हा सांगा.' सवयीने? तसं म्हणून मोकळा झालो असतो. पण तिने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मला सगळं कळलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, 'अजून एकदा बोलायला लाव ना.' आणि मी लावलं.

तिसऱ्यांदा ती बोलली, तेव्हा तिच्या मागचा गलका थांबलेला होता. एवढी माणसं भोवती, आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. नुसता तिचा श्वास येत होता. ती सगळी तिचं बोलणं संपायची वाट बघत होती का? मग सेट खरोखरच बंद पडला.

आमची माणसं पोचली, तेव्हा ती जिवंत होती. डावा डोळा गेला.

चौकशीत मी काय सांगितलं? 'मॅडम घाबरल्या होत्या, साहेब. किंचाळत होत्या, पत्ताच कळेना.' बाकीच्यांनी माना डोलावल्या. अहवालात तेच आलं. पुढे आमच्या ठाण्यात बाईला कधी गाडीवर इन्चार्ज केलं नाही. नव्या मुली भरती होऊन आल्या, की त्यांना तिचं उदाहरण द्यायचे आणि टेबलाशी बसवायचे. मी तिथेच असायचो, चहा पीत.

मी निवृत्त झालो त्या दिवशी ती मला मुद्दाम भेटायला आली.

'काका, एक विचारायचं होतं. मला आठवतं त्यात मी नीट बोलत होते. पण सगळे म्हणतात, किंचाळत होते. ऐकायला तुम्ही होतात. मी खरंच एवढी घाबरले होते का?'

तिचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. एक शब्द पुरला असता.

'हो मॅडम,' मी म्हणालो.

ती मग म्हणाली, 'म्हणजे चूक माझीच होती. सॉरी काका, तुम्हाला उगाच चौकशीला उभं राहावं लागलं.'

आणि मी म्हणालो, असू दे.